लेखिकेचं वय अठ्ठ्याहत्तर

३ जून

विसरभोळ्या नातीस,

तुला एक आजी आहे. आईची आई. उंचीने बेताची, जिभेने जरा लांब. आठवते का बघ. कित्येक दिवसांत तुझी एक ओळ नाही, म्हणून आधी ओळख करून देते. आणि मुख्य गोष्ट सांगते, कारण ती तू साफ विसरलेली दिसतेस: तुझ्या या आजीला लिहिता-वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. शाळेच्या दारातून मी आत गेले ती फक्त तुझ्या आईचा विसरलेला डबा द्यायला. विसरण्याचं हे घराण्यात आहेच.

तर झालं असं की गुरुवारी पोस्टमन आला आणि पाकिटावर चक्क माझं नाव. माझ्या नावाने एरवी विजेच्या बिलाखेरीज काही येत नाही. पोस्टमन म्हणाला, "काय आजी, प्रेमपत्र का?" मी म्हटलं, "असेल बाबा, उशिरा का होईना पोचलं." पण मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू? ज्याला वाचता येत नाही त्याला कुठलंही पाकीट उघडेपर्यंत वाईट बातमीचंच वाटतं. वरच्या मजल्यावरची सिस्टर हॉस्पिटलातून येईपर्यंत मी ते पाकीट पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलं आणि त्याच्यासमोर बसून राहिले. जणू ते उठून पळणार होतं.

सिस्टरने वाचलं. एक मासिक आहे म्हणे, तुझ्याच गावातलं. "आपले साहित्य मिळाले. संपादक मंडळाच्या बैठकीत वाचून निर्णय कळवू." मी म्हटलं, कसलं साहित्य? मी कुणाला भांडीकुंडी पाठवलेली नाहीत. सिस्टर म्हणाली, चार कविता आणि एक कथा. मी पाठवलेल्या!

जन्मभर लॉन्ड्रीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली. त्यात कविता करायची फुरसत मला केव्हा मिळाली, तेवढं कळव. त्या मासिकात ऊठबस असलेली माझ्या ओळखीची एकच मुलगी आहे, आणि ती सध्या गप्प आहे. गप्प बसलेल्या पोराच्या तोंडात काहीतरी असतंच, हे मी तुझ्या आईपासून शिकले.

फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेल्या निम्म्याला मी हो म्हणते. लिहून कळव. सिस्टर वाचेल, ती पोटात ठेवणारी आहे.

तुझी आजी, जी आता कवयित्रीही आहे

(सांगतात ते तसंच्या तसं लिहिते आहे. खोकला आला तोही लिहू का विचारलं. नको म्हणाल्या. — सिस्टर)


९ जून

प्रिय आजी,

पकडलंस. मीच पाठवलं. नाव तुझं, पत्ता तुझा. रागावायचं असेल तर शेवटी रागाव, आधी ऐक.

तुला माहीत आहे, चष्म्याच्या दुकानातून सुटले की मी मासिकाच्या खोलीत जाते. छापखान्याच्या वरची खोली, एक लांब टेबल आणि त्यावर तीन टोपल्या: 'हो', 'नाही' आणि 'बघू'. शनिवारी संपादक, गणिताचे मास्तर आणि दातांचे डॉक्टर बसतात, आणि आलेली पाकिटं मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. कारण संपादकांचे डोळे अधू झालेत, मास्तरांना दम लागतो आणि डॉक्टर वाचायला लागले की शोककथेलाही हसू येतं. मग मी प्रुफं बघते, अंकांना कागद गुंडाळते, पत्ते लिहिते. ही खोली मला किती आवडते ते तुला कसं सांगू? दिवसभरात तेवढीच एक जागा आहे जिथे मी उगाच आलेय असं मला वाटत नाही.

तिथे लागले त्याच वर्षी भीत भीत माझी एक कथा संपादकांना दिली होती. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "छान आहे. लिहीत राहा. जरा चहा सांगतेस का गं?" ते 'छान' मी अजून चघळते आहे. नंतर दिलेला प्रत्येक कागद 'छान'च झाला आणि एकही छापला नाही. घरच्या मुलीला माणसं छानच म्हणतात. मला आता कळेनासं झालंय, मला खरंच येतं की मी नुसतीच चहा चांगला सांगते.

म्हणून ठरवलं, एकदा तरी मला न ओळखणाऱ्या माणसाने हो किंवा नाही म्हणावं. तुझं आडनाव वेगळं, गाव वेगळं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाइप केलं, म्हणजे अक्षर ओळखायला नको. आणि खरं वाटावं म्हणून सोबतच्या पत्रात लिहिलं: वय अठ्ठ्याहत्तर, प्रथमच लिहीत आहे.

आजी, 'नाही'त गेलं तर मी लिहिणं सोडणार. खरंच. आणि मी हे केलंय असं त्यांना कळलं तर खोलीही गेली. मागे एकाने दुसऱ्याच्या नावाने कविता पाठवल्या होत्या, तर संपादक म्हणाले, "या माणसाचं पाकीट इथे पुन्हा उघडायचं नाही." ते पाकीट टोपलीबाहेर मीच टाकलं होतं.

तिकडून कुणी काही विचारलं तर हो म्हण. जसं फोनवर म्हणतेस.

तुझी नात


१६ जून

लबाड पोरी,

रागावू कशी? या वयात कुणी चोरून नेण्याजोगं माझ्याकडे काही आहे हेच मला नवं. लेखिका व्हायला माझी काही हरकत नाही. खालच्या बेकरीवालीला सिस्टरने सांगूनही टाकलं. पोटात ठेवते म्हटलं होतं, पण पोटाला जागा किती असते याचा मी अंदाज घेतला नव्हता. आता बेकरीवाली मला "अहो" म्हणते आणि रोज एक गोड पाव फुकट देते.

(मी फक्त एवढंच म्हटलं की आजींना मासिकाचं पत्र आलंय. — सिस्टर)

तू म्हणतेस, लिहिणं सोडणार. तुझे आजोबा दर सोमवारी तंबाखू सोडायचे. मंगळवारी मी काही विचारायची नाही. पण तुझं ते वाक्य मात्र मी सिस्टरला पुन्हा वाचायला लावलं. कारण ते सोडतो म्हणताना हसायचे, आणि तुझ्या पत्रात कुठे हसू दिसेना. सिस्टरला विचारलं, इथे तरी हसली असेल का, 'चहा चांगला सांगते' म्हणाली तिथे? ती म्हणाली, नाही आजी, तिथे तर अजिबात नाही.

ते मासिकवाले मला काही विचारायला आले तर? मी काय लिहिलंय ते तरी मला कळायला नको? नवऱ्या मुलीला नवऱ्याचं नाव सांगतात, मला तेवढंही नाही. ती गोष्ट पाठवून दे. कविता राहू देत. एका वेळी एकच संकट.

आजी


२८ जून

आजी,

झालं. पण आनंदाची बातमी म्हणून ऐकू नकोस.

शनिवारी तुझं पाकीट निघालं. संपादकांनी सोबतचं पत्र डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि म्हणाले, "अहो, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई आहेत! पहिल्यांदाच लिहितायत." मास्तर खुर्चीत सरसावून बसले. डॉक्टरांनी चहाचा कप बाजूला ठेवला. माझ्या कागदासाठी कुणी कधी कप बाजूला ठेवला नव्हता. "वाच गं. सावकाश वाच," संपादक म्हणाले.

स्वतःचं लिहिलेलं परक्याचं म्हणून वाचायचं, ते तिघं समोर, आणि चेहरा सरळ ठेवायचा. कविता इतक्या घाईने वाचल्या की मास्तर म्हणाले, "गाडी चुकतेय का?" चारही 'नाही'त. डॉक्टर म्हणाले, "कुणीतरी आजीबाईंना कळवा, चंद्राला इतकं कामाला लावू नये." सगळे हसले. मीही हसले. न हसते तर कळलं असतं.

मग कथा. तुझ्याच लॉन्ड्रीतला तो कोट, आजी. तू सांगितलेला, कुणी न्यायलाच न आलेला, तू दर थंडीत झटकून इस्त्री करून पुन्हा खुंटीला लावायचीस तो. माझ्या कथेत शेवटी त्याचा मालक येतो. म्हातारा झालेला. कोट घालून बघतो, होत नाही, तरी घेऊन जातो. आणि ती इस्त्रीवाली बाई रिकाम्या खुंटीखाली बसून रडते.

शेवटची ओळ मी कागदात तोंड घालूनच वाचली. वर बघितलं तर डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. संपादकांनी कथेचे कागद माझ्या हातातून घेतले. मग म्हणाले, "सप्टेंबरच्या अंकात. पहिलीच." 'हो'ची टोपली, आजी! टेबलाखाली मी दोन्ही मुठी आवळल्या. तोच ते म्हणाले, "बघा, आयुष्य जगलेलं माणूस लिहितं तेव्हा असं उतरतं. आमच्या या पोरींना हे नाही जमायचं." आणि माझ्याकडे बघून हसले. प्रेमाने.

आता मला सांग, तो हो कुणाला मिळाला? कथेला की अठ्ठ्याहत्तरला? चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने हीच कथा दिली असती तर "छान आहे, चहा सांग" झालं असतं. 'नाही' आलं असतं तर निदान कळलं तरी असतं. हे त्याहून वाईट आहे. कथेबरोबर तुझं वय चौकटीत छापणार आहेत, फोटोसकट.

कथेची प्रत सोबत जोडली आहे. दुकानात परवा एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा दिला. तो म्हणाला, "बरं दिसतंय." मला रडू आलं.

नात


२ जुलै

आदरणीय लेखिकाबाईंस,

सादर नमस्कार. आपली कथा संपादक मंडळास अतिशय आवडली. सप्टेंबरच्या अंकात ती अग्रस्थानी छापण्याचे ठरले आहे. कविता मात्र साभार परत करीत आहोत; कृपया राग नसावा.

आमचे मासिक लहान आहे. मानधन देता येत नाही, अंकाच्या दोन प्रती देतो. मात्र आयुष्याच्या या टप्प्यावर प्रथमच लेखणी हाती घेणाऱ्या लेखिकेस प्रत्यक्ष भेटावे, चार शब्द ऐकावे आणि एक छायाचित्र घ्यावे, अशी मनापासून इच्छा आहे. येत्या चौदा तारखेस, रविवारी, सकाळच्या बसने मी येत आहे. आपल्याला तसदी देऊ इच्छित नाही. कथेतील एखादा उतारा आपल्या तोंडून ऐकायला मिळाला तर प्रवासाचे सार्थक होईल.

आपला नम्र,
संपादक


५ जुलै

आजी,

संपादक रविवारी तुझ्याकडे यायला निघालेत. बसचं तिकीट मलाच काढायला पाठवलं होतं, आणि मी मुकाट्याने काढलं.

कृपा करून आजारी पड.

नात


१५ जुलै

भित्र्या नातीस,

आजारी पड म्हणतेस! तुझ्या शब्दाखातर तेही करून पाहिलं. शनिवारी डोक्याला फडकं बांधून आडवी झाले. सिस्टरने थर्मामीटर लावला आणि म्हणाली, ताप नसताना मी ताप लिहीत नाही, नोकरीचा प्रश्न आहे. मग भूक लागली म्हणून उठले. आजारपणही कुणाच्या तरी पाठिंब्याशिवाय होत नाही.

तर तुझे संपादक आले. उंच माणूस, आमच्या दारातून येताना कपाळ आपटून घेतलं आणि वर दारालाच "माफ करा" म्हणाला. तेव्हाच मला बरा वाटला. बॅगेत कॅमेरा, हातात केळी. जेवायच्या वेळेपर्यंत बसला होता, पण जेवला नाही.

मी त्याला सगळं सांगितलं. मला अक्षर येत नाही, आणि ही गोष्ट तुम्हाला जी मुलगी वाचून दाखवते, तिचीच आहे. काय करणार? मी हो-हो म्हणाले असते गं. पण तो माणूस तोंडावर विश्वास ठेवून समोर बसला होता आणि कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ पुसत होता. मला ते बघवेना. शिवाय तू ज्या गोष्टीसाठी झोप घालवून बसली आहेस, ती मी माझ्या फोटोखाली छापू द्यायची? मग माझी झोप गेली असती, आणि माझ्याकडे मुळात कमी शिल्लक आहे.

ऐकल्यावर तो उठला. कॅमेरा बॅगेत ठेवला. नुसता म्हणाला, "तिकीट तिनेच काढलं होतं." आणि गेला.

त्याआधी तुझ्या गोष्टीबद्दल आमचं बरंच बोलणं झालं होतं. काय झालं ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर तू म्हणशील, आजीने साखर पेरली. त्याच्याच तोंडून ऐक.

शनिवारी जा. जिन्यात उभी राहू नकोस.

आजी

(आजी कालपासून नीट जेवलेल्या नाहीत. हे त्यांनी सांगितलेलं नाही, माझं मी लिहिते आहे. — सिस्टर)


२२ जुलै

आजी,

जिन्यातच उभी राहिले. मास्तर वर जाताना म्हणाले, "का गं, इथे?" मी म्हटलं, चपलेचा पट्टा. डॉक्टर आले तेव्हाही पट्टाच.

वर गेले तर माझ्या खुर्चीवर डॉक्टर बसले होते. संपादक म्हणाले, "पाकिटं यापुढे डॉक्टर वाचतील." कारण सांगितलं नाही, पण मास्तर आणि डॉक्टर दोघंही टेबलाकडे बघत राहिले. मी कोपऱ्यात अंक गुंडाळत बसले. डॉक्टरांनी एका बाईची गेलेल्या मुलाच्या आठवणीतली कविता वाचली आणि सगळे हसले, मग सगळ्यांना लाज वाटली. मला तिथून उठून वाचावंसं वाटत होतं. नाही उठले.

ते दोघं गेल्यावर संपादक म्हणाले, "बसा."

आजी, बसा! इतकी वर्षं "अगं" आणि "तू", आणि आता 'तुम्ही'. मी खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "टोपलीचा नियम तुम्हाला माहीत होता. माझ्यासमोर बसून तुम्ही मला स्वतःची कथा वाचून दाखवलीत आणि मी तुमच्याचकडे बघून पोरींना जमायचं नाही म्हणालो. मला हसत असाल."

मी म्हटलं, "नाही हो, मी मुठी आवळल्या होत्या." हे काय उत्तर झालं? पण तेच निघालं.

मग म्हणाले, "कविता वाईट आहेत. हे तुमच्या आजींना नाही, तुम्हाला सांगतोय." आणि कपाटातून कथेचं प्रूफ काढलं. वयाची चौकट त्यांनी कापून टाकली होती. कथेखाली नावाची जागा कोरी. "आता या कथेच्या हातात वयाची काठी नाही. चालता येतं का बघू. एकोणतीसला, सोमवारी, पानं छापायला जातील. शेवट असाच ठेवायचा की बदलायचा ते तोवर तुम्ही ठरवा, आणि खाली नाव घाला." मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" तर म्हणाले, "तुमच्या आजी म्हणाल्या, टाकून द्या, खोटी आहे."

एवढंच. दिवा मालवला आणि खाली गेले.

तू असं म्हणालीस? टाकून द्या म्हणालीस? सगळ्या जगाने म्हटलं असतं तरी मी गिळलं असतं. तो कोट तुझा होता, आजी. ती बाई मी तुझ्यावरून लिहिली. तुलाच ती खोटी वाटली असेल तर मी ते पान कोरंच राहू देते. शेवट बदलू? तिला रडू न देता सोडू? काय खरं होतं ते तूच सांग, मी तसंच्या तसं लिहीन. उत्तर लगेच टाक, आणि सिस्टरला सांग, या वेळी काही गाळू नको.

प्रूफ उशाखाली आहे. नाव अजून घातलेलं नाही.

नात


२५ जुलै

वेड्या पोरी,

सिस्टर ड्युटीवरून आली तशी तिला चपला काढू न देता बसवली आहे. पाय दुखतायत म्हणते. दुखू देत, तुझं पान कोरं आहे.

तुझा संपादक भलताच निघाला. मी म्हटलं होतं त्याच्या तोंडून ऐक, तर त्याने माझं तेवढं सांगितलं आणि आपलं गिळून टाकलं! रागावलेला माणूस असाच असतो, दुसऱ्याचंच बोलून दाखवतो. तेव्हा आता मलाच सांगावं लागणार. साखर पेरली म्हणालीस तर सिस्टर साक्षीला आहे.

तो आला तेव्हा मी त्याला लगेच काही सांगितलं नाही. म्हटलं, आधी गोष्ट वाचू या. त्याला धड दिसत नाही, मला वाचता येत नाही. आम्ही दोघं त्या कागदाकडे बघत राहिलो, जसे पाहुणे एकमेकांना "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" करतात. शेवटी सिस्टरने वाचली. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तशी, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर.

(मी बरी वाचली होती. — सिस्टर)

वाचून झाल्यावर मी म्हटलं, "टाकून द्या हो. खोटी आहे. मीच लिहिलीय, मला ठाऊक."

अगं, भर बाजारातल्या लॉन्ड्रीत जन्म गेला माझा. आपल्या मालाची तारीफ सगळेच करतात. आपणच माल पुढे ठेवायचा आणि आपणच त्याला नावं ठेवायची. मग गिऱ्हाइकाचा हात बघायचा. सोडून पुढे गेला, तर समजावं की तो नुसता आपल्या पांढऱ्या केसांकडे बघून थांबला होता. हात सोडला नाही, तर मालात काहीतरी आहे. तुला जे हवं होतं ते दुसऱ्या कुठल्या रीतीने काढून घेता आलं असतं, सांग!

आणि त्या माणसाने हात सोडला नाही. मी म्हटलं, कोट न्यायला कुणी आलंच नव्हतं. तर म्हणतो, "न येता संपली असती तर ती फक्त हकीकत झाली असती, बाई. तो येतो, म्हणून ती कथा आहे." मी म्हटलं, ती बाई मूर्ख आहे. तर म्हणतो, "मूर्ख नाही. इतक्या थंड्या सांभाळून कोट तिचा झालाय, आणि ते तिला तो माणूस बाहीत हात घालतो तेव्हा कळतं." मी म्हटलं, लांब आहे, मधलं कापा. तर उभाच राहिला! "एक ओळ कापणार नाही!" आवाज इतका चढला की बेकरीवाली पीठ लागलेल्या हातांनी जिन्यात आली. मग मी शेवटचं काढलं. म्हटलं, बाबा, तुम्ही म्हाताऱ्या बाईवर दया करताय. इतकी चांगली ती नाही, तुम्हाला माझं वय चांगलं वाटतंय.

तेव्हा तो खरा चिडला. म्हणाला, "बाई, तुमचं वय मी दुसऱ्या पानावरच विसरलो होतो!"

मी म्हटलं, "बरं झालं विसरलात. कारण ते वय त्या गोष्टीचं नव्हेच." आणि मग सगळं सांगितलं.

आता कळलं तो गप्प का गेला? फसवलं म्हणून राग आहेच, आणि असावा, तू केलंस ते बरं नव्हतं आणि मी त्यात सामील झाले तेही. पण ज्या गोष्टीसाठी तो एका अनोळखी म्हातारीशी तारस्वरात भांडला, ती आता त्याला वाईट म्हणता येईना. त्याच्याच शब्दांनी त्याला बांधून टाकलं मी. 'तुम्ही' म्हणाला म्हणून घाबरलीस? रागानेच म्हणाला असेल. पण घरच्या मुलीवर माणूस 'तू' म्हणूनच रागावतो. 'तुम्ही' म्हणून ज्याच्यावर रागवावं लागतं, त्याला आधी माणूस म्हणून समोर बसवावं लागतं. पाकिटं वाचायला मिळत नाहीत हे मात्र सोसायला हवं. ते तुझं तू ओढवून घेतलंस. डॉक्टरांच्या वाचनाचा त्यांनाच कंटाळा येईल, तोवर कागद गुंडाळ.

राहिलं मी म्हणाले ते. "खोटी आहे" हे मी भांडण लावायला म्हणाले. सगळं नाही. त्यातलं थोडं मनापासून म्हणाले. कुठलं थोडं, ते विचारू नकोस, कारण मी सांगणार नाही. सिस्टरने पेन ठेवून विचारलं, तिलाही सांगितलं नाही. तू म्हणतेस, काय खरं होतं ते सांग, तसंच्या तसं लिहिते. पोरी, मी सांगितलेला शेवट तू उतरवलास, तर खाली नाव माझंच ठेवावं लागेल. मग पुन्हा चौकट, पुन्हा अठ्ठ्याहत्तर, पुन्हा तो माणूस कपाळ आपटायला येणार. मी खुंटीखाली रडले की आणखी काय केलं, ते माझं. तुझी बाई रडते का, ते तिला विचार. ती तुझ्या उशाखाली आहे, माझ्या नाही.

सोमवारच्या आत ठरव. 'नाही'ची भीती वाटत होती तेव्हा तू लिहिणं सोडणार होतीस. आता 'हो' आलंय तर त्या भीतीच्या निम्मा तरी धीर धर आणि नाव घाल. पेन घट्ट धर, बाकी मला त्यातलं काही कळत नाही.

मी मात्र लेखिकेची नोकरी सोडली. बेकरीवालीला खरं कळलं त्या दिवसापासून ती पुन्हा "अगं आजी" म्हणते आणि गोड पाव बंद झालाय. तेव्हा अंक पाठवशील तेव्हा सोबत खजूर पाठव, मऊ आणि बी काढलेले. दातांचं आता तसं काही खरं नाही. सिस्टरसाठी वेगळी पुडी बांध, तिने पेन आत्ताच खाली ठेवलंय आणि माझ्याकडे बघते आहे.

आजी